आजीची पानशेतची आठवण: तिची स्वतःची किती आणि पेपरातली किती?

नदीकाठची_नात

आजीचं रेकॉर्डिंग करतेय सध्या, फोनवरच, फार काही प्रोफेशनल नाही. विषय पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला ती पंधरा वर्षांची होती, नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या, आईवडील आणि ही चार भावंडं. वाडा गेला, सामान गेलं, माणसं वाचली.

आता अडचण अशी झालीये की ती जे सांगते त्यातलं अर्धं मला आधीच पाठ आहे. म्हणजे जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून बांध धरून ठेवला म्हणून धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं नाहीतर अख्खं पुणं झोपेत गेलं असतं, मग लकडी पुलावरून पाणी, एक बंडगार्डनचा पूल तेवढा राहिला बाकी सगळे पाण्याखाली, मग दुपारी खडकवासला पण गेलं वगैरे. हे दर जुलैमध्ये पेपरात येतं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तेच चार फोटो फिरतात. आणि आजी ते अशा थाटात सांगते की बाई स्वतः बांधावर उभ्या होत्या. "काय ती पोरं, कमरेइतक्या चिखलात, अंधारात..." अगं आजी, तू पेठेत झोपलेली होतीस ना त्या रात्री!

याउलट काही गोष्टी फक्त तिच्याच आहेत, त्या मी कुठेच वाचलेल्या नाहीत. उदाहरणार्थ ती म्हणते की त्या दिवशी दिव्याची अवस होती. आईने समया, निरांजनं, कंदिलाची काच सगळं घासून पाटावर मांडलं होतं आणि तेवढ्यात गल्लीतून "पाणी आलं, पळा" असा ओरडा झाला, आईने दिवे उचलायला हात घातला आणि वडील तिच्यावर खेकसले. हे सांगताना ती दरवेळी थांबते. पण तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशीआजी, तीही तेव्हा तिथेच होती, ती म्हणते पाट नाही आणि दिवे नाहीत, आई तर शेजारच्या वाड्यात गेली होती आणि आम्ही तिला शोधत होतो!

तर प्रश्न असा की हे लिहून काढताना मी काय करू. पोत्यांचा भाग उडवू का, कारण तो "तिचा" नाही? आणि दोघी बहिणींचं जुळत नाही तिथे कुणाचं धरायचं? घरच्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढायचीये, पीएचडी नाही, पण उगाच काहीही छापायचं नाहीये.

---

पुणे_३०_स्पष्टवक्ता

उडवा. सरळ उत्तर.

साठ वर्षांनंतरची आठवण हा पुरावा नसतो. पानशेतवर चौकशी झालेली आहे, आधी बावडेकर आयोग आणि मग नाईक समिती, त्या काळचे पेपर ग्रंथालयात आहेत, ते आधी वाचा आणि आजींचं जे त्याच्याशी जुळेल तेवढं ठेवा. जवानांचं सांगायला इतर साधनं भरपूर आहेत, त्यासाठी नारायण पेठेतल्या शाळकरी मुलीची साक्ष लागत नाही.

दुसरं म्हणजे दिव्याची अवस नव्हती. १९६१ साली अधिक ज्येष्ठ आला होता त्यामुळे पुढचं सगळं महिनाभर लांबलं. १२ जुलैला अमावस्या होती हे बरोबर, बुधवार होता, पण ती निज ज्येष्ठातली अमावस्या. आषाढ अमावस्या म्हणजे दिव्याची अवस पडली ११ ऑगस्टला. घरात जुनी पंचांगं जपून ठेवल्याचा हा फायदा. तेव्हा पाटावरच्या समया पुस्तिकेत घालू नका, कुणीतरी पंचांग काढून दाखवेल. (मीच दाखवीन.)

---

टेपरेकॉर्डर

स्पष्टवक्ते, पंचांगासाठी मनापासून आभार, पण निष्कर्ष मला अजिबात पटला नाही.

मी बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतोय, पुराच्या, दुष्काळाच्या, गिरणी संपाच्या. आणि माझा अनुभव असा की माणूस चुकीचं सांगतो तिथे टेप बंद करायची नसते, तिथे खुर्ची जवळ ओढायची असते. बरोबर सांगितलेल्या गोष्टी तुम्हाला कागदावर मिळतातच. चूक मात्र त्या माणसाने स्वतः केलेली असते, तिच्यामागे काहीतरी कारण असतं.

या विषयात नेहमी दिलं जाणारं उदाहरण सांगतो कारण ते इथे फिट बसतं. इटलीत तेर्नी म्हणून पोलाद कारखान्याचं शहर आहे. तिथे १७ मार्च १९४९ ला कामगार नाटोच्या विरोधात रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीने लुईजी त्रास्तुल्ली नावाचा २१ वर्षांचा कामगार मेला. पुढे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली हा संशोधक तिथे मुलाखती घेत होता तर बरीच माणसं शपथेवर सांगायला लागली की त्रास्तुल्ली १९५३ मध्ये मेला, म्हणजे कारखान्यातून दोन हजारांच्या आसपास लोकांना काढलं आणि गावात दंगल झाली तेव्हा. तारीख साफ चूक, आणि एकट्यादुकट्याची नाही, अख्ख्या गावाची. कारण काय असावं, तर १९४९ ला आपला पोरगा मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही ही बोच राहिली होती, आणि एका तहासाठी मेला यापेक्षा आपल्या नोकऱ्यांसाठी लढताना मेला हे जास्त पटणारं होतं. म्हणून तो मृत्यू चार वर्षं पुढे सरकला. पोर्तेल्लीने ती चूक खोडली नाही, त्याच्या सगळ्या मांडणीचा पायाच ती चूक झाली.

आता आजीकडे या. १२ जुलैला अमावस्या होती. महिन्याने पुन्हा अमावस्या, आणि ती दिव्याची. त्या दिवशी हे कुटुंब कुठे होतं? बहुतेक पूरग्रस्त शाळांमध्ये नाहीतर नातेवाइकांकडे होते. घरात पूजायला एकही दिवा नसताना आलेली ती दिव्याची अवस. दोन अमावस्या एकमेकींत मिसळल्या असतील तर मला नवल नाही वाटणार. आजीला पंचांग दाखवू नका लगेच, नुसतं विचारा की पुरानंतरची पहिली दिव्याची अवस कुठे केलीत.

पोत्यांबद्दल. ते उडवू नका, पण वेगळं ओळखा. पुण्यात पानशेतची एक ठरलेली गोष्ट आहे आणि ती सगळ्यांची मिळून आहे. जवान, पोती, सकाळचे सात, लकडी पूल, भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा. ज्याच्या घरात पाऊलभर पाणी आलं तोही ती सांगतो आणि ज्याचं सगळं गेलं तोही. ती गोष्ट सांगितली की माणूस "मी पण पानशेतवाला" होतो, ऐकणारा लगेच मान डोलावतो. आजी त्यातून आत शिरते आणि मग स्वतःच्या खोलीपर्यंत येते. काही जण येतच नाहीत, पोत्यांपाशीच थांबतात, कारण पुढचं बोलवत नाही. तुमची आजी येते हे नशीब समजा.

आणि एक बघा, ती जवानांचं सांगताना "अंधारात" म्हणाली. पेपरातल्या फोटोंमध्ये अंधार नसतो. अमावस्येच्या आदल्या रात्रीचा तो अंधार आणि पूर गेल्यावर वीज नसलेल्या पेठेतला अंधार, हा दुसरा तिने स्वतः बघितलेला आहे. बांधावरच्या जवानांना तिने तो दिला असेल. खात्रीने नाही म्हणत मी, पण विचारण्यासारखं आहे.

---

पुणे_३०_स्पष्टवक्ता

हे जरा जास्तच छान जुळतंय असं नाही वाटत तुम्हाला? आजी बिचारी चुकली असेल हो, वय झालंय. अमावस्या म्हटली की आषाढ, आषाढ म्हटला की दिव्याची अवस, एवढं साधं असेल. प्रत्येक चुकीत अर्थ शोधायला लागलो तर मी काल चष्मा फ्रीजमध्ये ठेवला त्याचाही प्रबंध होईल.

---

टेपरेकॉर्डर

चष्म्याचा प्रबंध मी वाचेन :)

पण मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच "विचारा" म्हटलं, "असंच आहे" नाही म्हटलं. एकाच माणसाची एकच चूक असेल तर ती नुसती चूकही असू शकते. तेर्नीमध्ये बऱ्याच जणांनी तीच केली म्हणून ती बोलकी ठरली.

---

माळवदाखालून

ताई, मी लातूरकडचा. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ आमच्या पोरासोरांना पण पाठ आहे, जे तेव्हा जन्मलेले पण नव्हते त्यांना सुद्धा.

आमच्याकडं कुणालाही भूकंपाचं विचारा, गोष्ट गणपती विसर्जनापासूनच सुरू होणार. आदल्या दिवशी विसर्जन, लोक रात्री उशिरा मिरवणुकीतून आले, दमून झोपले, आणि मग वरून दगडमातीचं माळवद. खरं आहे ते, तसंच झालं होतं. पण मी आमच्या आईला एकदा खोदून विचारलं की तू मिरवणुकीला गेली होतीस का, तर नाही, ती माहेरी होती आजारी माणसाजवळ, आणि तिकडं ती लवकर झोपली होती. तरी ती सांगताना विसर्जनापासूनच सांगते! कारण तिथून नाही सुरू केलं तर तिला वाटतं आपलं सांगणं अर्धवट राहिलं.

अजून एक सांगतो, हे लई महत्त्वाचं आहे. आमच्या पट्ट्यात पत्रकार आले, संस्था आल्या, कॉलेजचे पोरं आले, दर वर्षी ३० सप्टेंबरला कॅमेरे येतात. काही माणसांनी तीच गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय की आता त्यांना कुठं थांबलं की समोरच्याच्या डोळ्यात पाणी येतं ते कळतं. खोटं नाही बोलत हो ते, त्यांचं मेलेलं लेकरू खरंच मेलेलं आहे. पण आता ते कॅमेऱ्याला काय पाहिजे ते आधी देतात. मुलाखत संपली, चहा आला, की मग खरं बोलणं निघतं. ढिगाऱ्यातून कोणाचे दागिने कोणी नेले, मदतीची यादी करताना कोणाचं नाव कोणी कापलं, नवीन गावात प्लॉट वाटताना जात कशी बघितली, भावाभावात पैशावरून काय झालं. ५२ गावं पुरती नवीन जागी गेली, त्या प्रत्येक गावात हे आहे आणि ३० सप्टेंबरच्या भाषणात ह्यातलं एक अक्षर येत नाही.

म्हणून आजीला "पूर कसा आला" विचारू नका, ते झालं विचारून. "पुरानंतर कोण कोण तुमच्याशी बोलायचं बंद झालं" ते विचारा.

---

नदीकाठची_नात

माळवदाखालून, अंगावर काटा आला वाचून. हे विचारायचं मला सुचलंच नसतं.

अपडेट देते. काल विचारलं आजीला, पंचांगाचं काही न बोलता, की पुरानंतरची पहिली दिव्याची अवस कुठे केली. ती म्हणाली "कुठली अवस, तेव्हा आम्ही शाळेत होतो, बाकं जोडून झोपायचो". मग थोड्या वेळाने म्हणाली की शाळेत कुणाच्या तरी आईने कणकेचे दिवे केले होते आणि आमच्या आईने त्या बाईशी त्या दिवशी भांडण काढलं, का ते आठवत नाही. मी म्हटलं मग त्या पाटावरच्या समया? तर म्हणे "समया पाटावर होत्या". बस. पुढे काही नाही, टीव्ही लावला.

म्हणजे टेपरेकॉर्डर म्हणतात तसं असेलही आणि नसेलही. स्पष्टवक्ते काकांना सांगायचं तर पंचांगाची तळटीप नक्की टाकणार, पण समया पाटावरच राहतील.

आणि "कोण बोलायचं बंद झालं" हे विचारल्यावर चक्क वीस मिनिटं बोलली. वाड्याच्या मालकांबद्दल, एका काकांबद्दल ज्यांचं घर उंचावर होतं आणि ज्यांनी दोन दिवसांनी "आता बघा काहीतरी" म्हटलं, नळाला पाणी नाही म्हणून विहिरीवर लागलेल्या रांगेत कोण कोणाला पुढे जाऊ देत नव्हतं. खडकवासला फुटल्यामुळे पुण्याला प्यायलाच पाणी नव्हतं हे मला माहीत होतं पण ते कधी असं डोळ्यासमोर आलं नव्हतं. पुराने सगळं नेलं आणि मग पाण्यासाठी भांडणं! यातलं मी पुस्तिकेत किती घालू हा नवीन प्रश्न. काकांची नातवंडं आमच्या ग्रुपवर आहेत.

---

आंबीकाठ

उशिरा लिहितोय. धागा वाचून एक गोष्ट खटकली ती बोलून टाकतो, राग मानू नका.

पुण्यात "पानशेत" म्हटलं की पूर. आमच्याकडे पानशेत हे गाव होतं. आंबी नदीच्या खोऱ्यातलं. धरणासाठी ते आणि आजूबाजूची गावं गेली, माझ्या आजोबांचं त्यातलंच एक. तुमच्या सगळ्या गोष्टींत धरण सकाळी सातला फुटतं आणि पाणी थेट लकडी पुलावर येतं, मधला सगळा रस्ता जणू रिकामाच होता. मधे गावं होती, शेतं होती, नदीकाठी भातखाचरं होती.

आजोबा सांगायचे की धरण फुटल्यावर पाणी उतरलं आणि बुडालेलं गाव चिखलात परत दिसायला लागलं. जोती, विहिरीचं तोंड, देवळाचा चौथरा. लोक बघायला गेले. काही बायका रडल्या आणि काही चक्क खूश झाल्या की आता गाव परत मिळणार. नाही मिळालं अर्थात, धरण पुन्हा बांधलं आणि सगळं परत पाण्याखाली. आता त्याला तानाजीसागर म्हणतात, शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी बोटिंगला येतात.

ही आठवण कुठल्या १२ जुलैच्या पुरवणीत बघितलीय का कुणी? मी नाही बघितली. पुण्यात पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, त्यामुळे तिथे "आम्ही पूरग्रस्त" म्हणणारा एक मोठा समाज तयार झाला, एकमेकांना सांगत राहिला, ती गोष्ट टिकली. आमची माणसं धरणग्रस्त म्हणून पांगली, दोन घरं इथे चार घरं तिथे. सांगायला समोर तोच अनुभव असलेला माणूस नसेल तर आठवण घरातच राहते आणि म्हातारा गेला की गेली. आजोबांचं मी रेकॉर्डिंग केलं नाही, हे जे लिहिलंय तेवढंच माझ्याकडे आहे, आणि यातलं किती त्यांचं आणि किती माझ्या वडिलांनी वाढवलेलं ते आता सांगता येणार नाही.

तेव्हा ताई, तुमच्या आजीची आठवण पेपराशी जुळते ही अडचण नाहीये, ती चैन आहे. पेपरात तिच्यासारख्यांचं निदान आलं तरी.

---

पुणे_३०_स्पष्टवक्ता

आंबीकाठ, वडिलांचं वय किती? हयात असतील तर त्यांचं रेकॉर्डिंग करा. पाणी उतरल्यावर गाव दिसलं हे कागदपत्रांत तपासता येण्यासारखं आहे, पहिल्यांदाच धरण भरत होतं त्या पावसाळ्यात, म्हणजे घरांची जोती शाबूत असणार. मी जुन्या पेपरांत बघतो, ग्रंथालयात जाणं होतंच माझं. सापडलं तर इथे टाकतो. न सापडलं तरी टाकतो.

---

आंबीकाठ

हयात आहेत. तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. ऐकायला कमी येतं पण बोलतात भरपूर.

---

टेपरेकॉर्डर

मग वेळ घालवू नका. काही गोष्टी दोघांसाठीही, पटकन लिहितो.

पहिल्या बैठकीत जुने फोटो दाखवू नका, कात्रणं वाचून दाखवू नका. एकदा फोटो दाखवला की पुढची सगळी आठवण त्या फोटोतूनच येते. आधी त्यांना घराचा नकाशा काढू द्या, वाकडातिकडा चालेल. चूल कुठे, पाणी कुठे भरायचे, कोण कुठे झोपायचं. नकाशा काढताना माणूस पेपरातलं सांगूच शकत नाही.

फाइलला नाव देताना तारीख, जागा आणि खोलीत अजून कोण बसलं होतं ते लिहा. सून बसली असेल तर वेगळं बोलणं निघतं आणि मुलगा बसला असेल तर वेगळं. मूळ रेकॉर्डिंग कापू नका, लिहिताना काय कापायचं ते कापा. आंबीकाठ, वडिलांच्या डाव्या-उजव्यापैकी ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा, फोन टेबलावर नको, त्यांच्या खिशाजवळ.

नातताई, काकांचं प्रकरण. आजीला विचारा की हे छापू का. ती नाही म्हणाली तर पुस्तिकेत नको, पण टेपवर राहू द्या. हो म्हणाली तर नाव न घालता "उंचावर राहणारे एक नातेवाईक" एवढं पुरे, ग्रुपवरच्यांना कळायचं ते कळेलच.

---

नदीकाठची_नात

ग्रुपवरच्यांना पहिल्या ओळीत कळेल, आमच्यात उंचावर राहणारं एकच घर होतं!

रविवारी मावशीआजीकडे जातेय. आजीला पण घेऊन जाऊ का? दोघी समोरासमोर बसल्या तर पाटाचं काय ते तिथेच मिटेल.

---

टेपरेकॉर्डर

अजिबात नको. मोठी बहीण बोलेल आणि धाकटी मान हलवेल. आधी एकटीला बसवा, नकाशा काढून घ्या. दोघींना एकत्र नंतर कधीतरी, आणि तेव्हा फोन चालू ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात जा.

---

माळवदाखालून

आणि चहा झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करू नका ताई. विचारून चालू ठेवा.